पट्ट्यावरची वेळ

१

जय पेंडसेच्या डाव्या मांडीवर एक पट्टा आवळलेला होता, आणि कंपनीचं म्हणणं खरं धरलं तर तो तिथे असायचं काहीच कारण नव्हतं.

अनुराधा मोघेला हे सोमवारी सकाळी फोनवर कळलं. ती इंग्लंडात मिल्टन कीन्समध्ये कॉरोनरच्या कचेरीत काम करायची. एखादं मरण सरळ वाटलं नाही, की ते कसं आलं हे ठरवणारा इथला न्यायाधिकारी म्हणजे कॉरोनर. त्याच्या वतीने घरोघर जाऊन चार प्रश्न विचारणारी आणि कागद गोळा करणारी ही अनुराधा. त्याआधी वीस वर्षं ती हॉस्पिटलात सिस्टर होती. मेलेल्या माणसांचं तिला काही वाटेनासं झालं होतं, आणि काही वाटेनासं झालंय याचंही अलीकडे काही वाटत नव्हतं. ती वेळेवर जेवायची आणि वेळेवर झोपायची.

"तुझ्या त्या सिक्युरिटीवाल्याची पेटी उघडली," फोनवर डॉ. सारा ओकॉनर म्हणाली. शवचिकित्सा तिच्याकडे होती. "कंपनीचा रिपोर्ट काय म्हणतो?"

अनुराधाने फाइल पुढे ओढली. जय पेंडसे, वय तेहतीस. ब्रिटिश आर्मीत आठ वर्षं मेडिक, म्हणजे लढाईतला प्रथमोपचारवाला. मग ब्रॅकनफील्ड नावाच्या खासगी कंपनीत. जिथे सरकार आपलं सैन्य पाठवत नाही, किंवा पाठवल्याचं कबूल करत नाही, अशा परदेशातल्या युद्धांत ही कंपनी बंदूकधारी माणसं पुरवायची. जय आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातल्या एका देशात होता. सोन्याच्या खाणीवर जाणाऱ्या इंजिनिअरांच्या गाड्यांना सोबत करणं, हे त्याचं काम.

"अकरा फेब्रुवारी," तिने वाचून दाखवलं. "नऊ चाळीसला जयने हुकूम नसताना समोरून येणाऱ्या पांढऱ्या गाडीवर गोळीबार केला. गाडीत एक कुटुंब होतं, चारजण गेले. टेकडीवरून उलट गोळ्या आल्या, त्यात जय जागच्या जागी मेला. देह उचलणं शक्य नव्हतं. नऊ बेचाळीसला दोन्ही गाड्या निघाल्या. पुढे गावकऱ्यांनी देह इस्पितळात पोचवला."

"जागच्या जागी मेला?"

"तसं लिहिलंय."

"मग याला टूर्निके कोणी बांधला?"

टूर्निके म्हणजे हातभर लांबीचा काळा पट्टा. जखमेच्या वरच्या बाजूला बांधायचा, त्याची कांडी पिळत जायची आणि रक्त थांबलं की अडकवून टाकायची. जिवंत माणूस जिवंत राहावा म्हणून तो असतो. मेलेल्याला तो कोणी बांधत नाही.

"तिकडच्या इस्पितळाने पट्टा तसाच ठेवून चादर गुंडाळली आणि पेटी सील केली," सारा म्हणाली. "कंपनीला पत्ता नसावा. पट्ट्यावर वेळ लिहायला पांढरी पट्टी असते, तिच्यावर लिहिलंय 0957. शिवाय टोकाशी जुन्या शाईत O निगेटिव्ह. खिशात एक काळा मार्कर होता, टोपण नसलेला. उजव्या अंगठ्यालाही शाई लागलीय. आणि हा जागच्या जागी नक्कीच मेलेला नाही. किती वेळाने गेला, ते तपासण्या झाल्या की सांगते."

अनुराधाने कागदावर तीन आकडे एकाखाली एक लिहिले. नऊ चाळीसला माणूस मेला. नऊ बेचाळीसला सोबतचे निघून गेले. आणि नऊ सत्तावन्नला त्या ओसाड रस्त्यावर कोणीतरी मेलेल्याच्या पायाला पट्टा बांधला.

२

जयची आई, डॉ. मीनाक्षी पेंडसे, मिरजेहून अठ्ठ्याऐंशी साली इथल्या हॉस्पिटलात आल्या त्या इथल्याच झाल्या. तीस वर्षं लोकांना भूल देऊन त्या आता निवृत्त झाल्या होत्या. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. मंडळाच्या गणपतीत अनुराधाची आणि त्यांची तोंडओळख होती. तिने ते कॉरोनरसाहेबांना आधीच सांगून टाकलं होतं. साहेब म्हणाले, तुला त्यांची भाषा येते, तूच जा.

बाईंनी चहा केला. कपांत गाळला आणि प्यायचा विसरल्या. कोपऱ्यात कंपनीने परत पाठवलेली जयची बॅग कुलूप न काढता तशीच उभी होती.

"रडू येत नाही मला," त्या म्हणाल्या. "लोक येतात, माझ्याकडे बघतात, आणि मला त्यांचीच कीव येते. मीच, मला कोणी भूल दिल्यासारखी बसलेय."

"होतं असं, मीनाक्षीताई."

"मला एकच सांगा अनुराधा. त्या गाडीवर त्याने गोळी झाडली का? झाडली असेल तर तसं सांगा, मी ते घेऊन जगेन. पण झाडली नसेल आणि शुक्रवारी तुमच्या कोर्टात कायमचं तसं लिहिलं गेलं, तर ते मला सहन होणार नाही. चारजण गेलेत. त्यात दोन मुलं होती."

अनुराधाने टेबलाकडे पाहिलं. मेणकापडावर काळ्या शाईचे डाग उमटले होते. नीट पाहिल्यावर ती अक्षरं निघाली. B+, B+, B+, ओळीने.

"हे काय?"

"जयचा रक्तगट. जायच्या आदल्या दिवशी इथेच बसून एकेका वस्तूवर लिहीत होता. हेल्मेटवर, बुटांवर, त्या पट्ट्यावर. शाई खाली उतरली. मी ओरडले त्याला." त्या डागावर बोट फिरवत राहिल्या. "मग माझ्याच दंडाला पट्टा बांधून दाखवला. म्हणाला, आई, रूल माहितेय? ज्याचा पट्टा त्यालाच. जखमी माणसाला त्याच्या स्वतःच्या पाऊचमधला लावायचा, आपला कधीच काढायचा नाही. आपला दुसऱ्याला दिला, तर आपल्या वेळेला काय करणार? आणि बांधल्यावर लगेच वेळ लिहायची. ते मीही सांगितलं असतं त्याला."

अनुराधाने कप खाली ठेवला. रूल असा होता, तर जयच्या पायावर जयचाच पट्टा हवा होता, B पॉझिटिव्ह लिहिलेला. मग त्याचा स्वतःचा पट्टा गेला कुठे?

३

ब्रॅकनफील्डची कचेरी तीन राउंडअबाउट पलीकडे, एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर होती. युद्धाचं सामान इथून जगभर हलतं असं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसला नसता. रिसेप्शनवर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी होती.

आत दोघे बसले होते. एक ग्रॅहम होल्ट, त्या दिवशीचा टीम लीडर. पन्नाशीचा, रुंद, बाह्या दुमडलेल्या. दुसरा राजीव गुप्ते, कंपनीची कम्प्युटर सिस्टिम सांभाळणारा. हाही मंडळातलाच. दिवाळीला साउंडची पेटी तोच लावायचा.

"चांगला पोरगा होता," होल्ट इंग्रजीत म्हणाला. "पण त्या दिवशी घाबरला. पांढरी गाडी थांबेना, याने परवानगी न घेता बंदूक चालवली. लगेच टेकडीवरून गोळ्या सुटल्या. दार उघडंच होतं, तो बाहेर पडला. एक गोळी आणि खलास. त्याला काही कळलंसुद्धा नाही. हे त्याच्या आईला सांगा, बरं वाटेल."

"तुम्ही कुठे होता?"

"पुढची गाडी मी चालवत होतो, तो माझ्या शेजारी. मागची गाडी कबीर साळवी चालवत होता, इंजिनिअरांना घेऊन. ड्रायव्हर गाडी सोडत नाही. कबीर उतरला नाही, मी उतरलो नाही."

"मग त्याला हात कोणी लावला?"

"कोणीच नाही. मेलेल्याला हात लावून काय करणार?"

होल्टने पाण्याचा ग्लास उचलला. त्याच्या हातावर आतल्या बाजूला A POS असं गोंदलेलं होतं. या धंद्यात पुष्कळजण असं गोंदवून घेतात, जखमी होऊन तोंड बंद पडलं तरी हात बोलावा म्हणून. अनुराधाने ते वाचलं आणि नजर वहीत घातली. पट्ट्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

"गाड्यांना ट्रॅकर असतो ना राजीव? कधी थांबल्या, कधी निघाल्या?"

राजीवने आधी होल्टकडे पाहिलं. "असतो ताई, पण अनफॉर्च्युनेटली त्या दिवशीचा डेटा नाहीये. सर्व्हर मायग्रेशन चाललं होतं. साडेनऊ ते साडेदहा कंप्लीट ब्लँक आहे."

"बरोब्बर तेवढाच तास?"

"बरोब्बर तेवढाच," राजीव म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तो तिला खाली कार पार्कपर्यंत सोडायला आला. काही बोलायचं असावं, पण तो गाड्यांकडे बघत उभा राहिला.

"मीनाक्षीताई कशा आहेत?"

"जाऊन बघ की. पाच मिनिटांवर राहतात."

"आमच्या सान्वीला जयनेच फर्स्ट एड शिकवलं होतं. मंडळाच्या हॉलमध्ये. बाहुलीला पट्टे बांधून." एवढं बोलून तो वळला, आणि दारातून म्हणाला, "कबीरला फार टोचू नका ताई. तो आल्यापासून घराबाहेर पडलेला नाहीये."

कचेरीत परतल्यावर अनुराधाने तिकडच्या इस्पितळात काम करणाऱ्या एका सेवाभावी संस्थेला ईमेल लिहिली. प्रश्न एकच होता. अकरा फेब्रुवारीला तुमच्याकडे पट्टा बांधलेला आणखी कोणी जखमी आला होता का?

४

कबीर लंडनमधल्या इल्फर्डला आईकडे राहत होता. दार त्याच्या आईने, अरुणाने उघडलं. तिची फार्मसीत ड्यूटी होती आणि कोट अंगावर चढलेला होता.

"बघा बाई, तुमच्याशी तरी बोलतो का," ती हळूच म्हणाली. "माझ्याशी 'हो आई, नाही आई' एवढंच. जय याचा जिवाभावाचा मित्र. दोघे आर्मीत एकत्र होते, हेही काम एकत्रच धरलं. आणि अंत्यविधीला जायचं म्हटलं तर तोंड फिरवतो." ती गेली.

कबीर स्वयंपाकघरात बसला होता. समोर टीव्ही आवाज बंद करून चालू होता आणि तो त्याच्याकडे बघतही नव्हता. फ्रिजवर मॅग्नेटखाली एक पत्र लावलेलं होतं, रक्तदान केंद्राचं. 'प्रिय कबीर, तुमच्या गटाचं रक्त कोणालाही देता येतं, त्यामुळे आम्हांला त्याची सतत गरज असते. या आठवड्यात येऊ शकाल का?' अनुराधाने सिस्टरच्या जुन्या सवयीने ते पूर्ण वाचलं आणि मग खुर्ची ओढली.

"अकरा तारखेचं सांग, कबीर."

"काकू, मी सेकंड व्हेइकलमध्ये होतो. इंजिन रनिंग." त्याचं मराठी इल्फर्डमध्ये वाढलेलं होतं, लिंगवचनाशी त्याचं फारसं जमत नव्हतं. "फायरिंग झाला. मग ग्रॅहमने रेडिओवर सांगितला, मूव्ह. आम्ही मूव्ह केला. दॅट्स इट."

"तू उतरला नाहीस?"

"नो. ड्रायव्हर उतरत नाही."

"जय कुठे पडला ते दिसलं?"

"नाही दिसला."

पाठ केलेलं होतं. रिपोर्टसोबतच्या त्याच्या निवेदनात हीच चार वाक्यं याच क्रमाने होती.

"तुझा फर्स्ट एडचा पाऊच कुठेय?"

"कंपनीला रिटर्न केला."

"त्यात पट्टा होता का, रिटर्न केलास तेव्हा?"

कबीरने टीव्हीकडे पाहिलं. तिथे कोणीतरी केक भाजत होतं.

"तुझा रक्तगट कोणालाही चालतो ना रे?" अनुराधाने विचारलं. "म्हणजे O निगेटिव्ह. होल्टचा A पॉझिटिव्ह, त्याच्या हातावर लिहिलाय. जयचा B पॉझिटिव्ह, तो त्याच्या आईच्या टेबलावर लिहिलाय. तुमच्या टीममध्ये तिघेच होतात." तिने फोटो टेबलावर ठेवला, अर्धा वहीखाली, O निगेटिव्ह लिहिलेलं टोक तेवढं दिसेल असा. "हा पट्टा जयच्या मांडीवर होता."

कबीर फोटोकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

५

"जयने फायर नाही केला," तो म्हणाला. "एकसुद्धा राउंड नाही. ग्रॅहमने केला."

मग तो थांबेचना. पांढरी गाडी घाबरून वेगाने आली, ब्रेक उशिरा लागला. होल्टने खिडकीतून पूर्ण मॅगझीन रिकामं केलं. गाडी खड्ड्यात गेली. आतून एका मुलीचा ओरडण्याचा आवाज यायला लागला.

"ग्रॅहम रेडिओवर म्हणाला, ड्राइव्ह. जय म्हणाला, देअर्स अ किड. आणि तो उतरला. सिंपली उतरला, काकू, जसा काय ट्यूब स्टेशन आला. बंदूक सीटवर ठेवून गेला."

"आणि तिला पट्टा बांधला. स्वतःचा."

"हो. तिच्याकडे कुठे पाऊच होता? तो रूल आपल्यासाठी आहे, फॉर अस. सहा-सात वर्षांचा मुलगी होती. त्याने बांधला, वेळ लिहिला, तिला गाडीच्या मागे झोपवला. मग टेकडीवरून फायर आला आणि तो पडला. मी पळालो. ड्रायव्हर उतरत नाही, आय नो, पण मी उतरलो. त्याचा पाऊच उघडला, तर एम्टी. म्हणून माझा लावला. टाइट केला. थ्री टर्न्स. त्यानेच शिकवला होता मला, आर्मीत."

"मग?"

"त्याचे डोळे बंद होते. हाक मारली तर बोलला नाही. ग्रॅहम ओरडत होता, ही इज गॉन, लीव्ह हिम, नाहीतर सगळे मरणार. आणि मी..." त्याने ते वाक्य सोडून दिलं. "गेला होता तो, काकू. जिवंत असता तर मी सोडला नसता. मी रोज सांगतो स्वतःला. गेला होता."

"आणि रिपोर्टचं काय?"

"ग्रॅहम म्हणाला, टीम लीडरने सिव्हिलियन्स मारले असं लिहिलं तर काँट्रॅक्ट जातो, आपण दोघं जेलमध्ये जातो. जयला आता काय फरक पडतो? मी साइन केला."

मेलेला माणूस उलट बोलत नाही म्हणून त्याच्यावर ढकललं. वीस वर्षं वॉर्डात आणि अकरा वर्षं कॉरोनरकडे काढलेल्या अनुराधाला हे नवीन नव्हतं. ती यांत्रिकपणे लिहून घेत होती. शेवटचा प्रश्न तिने नुसत्या नियमासाठी विचारला, रकाना भरायचा म्हणून.

"पट्टा बांधलास, ही वेळ लिहिलीस..."

"नाही," कबीर म्हणाला. "वेळ लिहायचा राहिला. मार्कर जयकडेच असायचा, त्याच्या खिशात. मला त्या टाइमला सुचलाच नाही."

अनुराधाचं पेन थांबलं. तिने फोटो हळूच उचलला आणि फाइलमध्ये घातला, आकडे दिसणार नाहीत असा. कबीरने ते पाहिलं नाही. तो टीव्हीकडे बघत होता.

तिने वही मिटली आणि उठली.

६

बुधवारी दोन ईमेल आल्या.

पहिली इस्पितळातून. हो, एक सहा वर्षांची मुलगी आली होती. वाचली, पायही वाचला, सध्या मावशीकडे आहे. पट्टा आम्ही धुऊन ठेवला होता, कारण इथे असे पट्टे मिळत नाहीत आणि पुन्हा वापरावे लागतात. सोबत फोटो होता. काळा पट्टा, टोकाशी ठळक B+, आणि पांढऱ्या पट्टीवर 0944.

दुसरी राजीव गुप्तेकडून, कंपनीच्या नाही, घरच्या पत्त्यावरून.

'ताई, होल्टने डेटा पुसायला सांगितला होता. पुसला. पुसायच्या आधी कॉपी केली, ती माझी सवय आहे, बॅकअप घेतल्याशिवाय मी काहीच पुसत नाही. काल सान्वीने विचारलं, बाबा, जयदादा वाईट होता का? मला उत्तर देता आलं नाही. जोडपत्र बघा. कोर्टात यायला तयार आहे.'

जोडपत्रात दोन्ही गाड्यांची मिनिटामिनिटाची नोंद होती. थांबल्या नऊ एकोणचाळीसला. निघाल्या नऊ पंचावन्नला. परत आल्या नाहीत.

अनुराधाने सोमवारचा कागद काढला आणि जुने आकडे खोडून नवे मांडले. नऊ चाळीसला होल्टने गोळ्या झाडल्या. नऊ चव्वेचाळीसला जयने मुलीला पट्टा बांधला. त्यानंतर त्याला गोळी लागली, कबीर धावला, त्याने बांधला. नऊ पंचावन्नला दोन्ही गाड्या निघून गेल्या. कबीर म्हणतो, वेळ मी लिहिली नाही. होल्ट गाडीतून उतरलाच नव्हता. गावकरी काही तासांनंतर आले आणि त्यांच्यातलं कोणी मार्कर घेऊन इंग्रजी आकड्यांत सैनिकी पद्धतीने वेळ लिहीत बसलं नसतं. मार्कर जयच्या खिशात होता, टोपणाशिवाय. शाई जयच्या अंगठ्याला होती.

सोमवारी तिला वाटलं होतं, नऊ सत्तावन्नला जयच्या जवळ कोणीतरी होतं. तिथे कोणीही नव्हतं.

साराचा फोन दुपारी आला. गोळी मांडीतून वर सरकून ओटीपोटात गेली होती, तिथलं रक्त पट्ट्याने थांबत नाही. पण पायाचं थांबलं होतं, त्यामुळे तो एकदम गेला नाही. तास, सव्वा तास. सर्जन मिळाला असता तर कदाचित वाचला असता.

"अनुराधा? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," अनुराधा म्हणाली. मग ती स्वच्छतागृहात गेली, नळ सोडला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा ऑफिसात रडली. बाहेर येऊन तिने कॉरोनरसाहेबांसाठी टिपण टाइप केलं. साहेबांनी ते वाचून चष्मा काढला, शुक्रवारची सुनावणी पुढे ढकलली आणि पोलिसांना फोन लावला. होल्टचा पासपोर्ट संध्याकाळच्या आत जमा झाला.

७

मीनाक्षीताईंनी दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून वाटेतून बाजूला झाल्या.

"नाही झाडली," अनुराधा उंबऱ्यातच म्हणाली. "एकही नाही. गोळ्या होल्टने झाडल्या. जय त्या मुलीला वाचवायला उतरला होता. ती जिवंत आहे. दोन्ही पायांवर चालतेय."

बाई भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. मग त्यांनी "बरं" म्हटलं. आणि पुन्हा एकदा, "बरं."

दोघी टेबलाशी बसल्या. अनुराधाने मुलीच्या पट्ट्याचा फोटो दाखवला. बाईंनी तो मेणकापडावरच्या डागाशेजारी धरला. दोन्हीकडे तोच B होता, वरचं पोट लहान आणि खालचं मोठं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण खाली पडलं नाही.

"आणि त्याच्या पायावरचा?"

"तो कबीरचा. त्याने धावत येऊन बांधला."

"मला बघायचाय."

सगळं सुनावणीत येणारच होतं. आज नाही तर महिन्याभराने, भरल्या कोर्टात, वकिलाच्या तोंडून. अनुराधाने दुसरा फोटो पुढे सरकवला. बाईंनी चष्मा लावला.

"हा आकडा जयचा आहे," त्या म्हणाल्या. "सातला मधे आडवी रेघ आहे. मी लावलेली सवय, औषधाच्या डोसात गफलत होऊ नये म्हणून." तीस वर्षं ज्यांनी मिनिटामिनिटाची नोंद ठेवली त्यांना हिशेब मांडून दाखवावा लागत नाही. "गाड्या किती वाजता निघाल्या, अनुराधा?"

"नऊ पंचावन्न."

"म्हणजे ते गेले, आणि मग हा शुद्धीवर आला."

"हो."

"एकटा होता."

"हो, ताई."

"किती वेळ?"

"तासभर. सव्वा तास."

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. बाहेर रेडवेच्या सायकलवाटेवरून शाळेची मुलं सायकली घेऊन चालली होती. मीनाक्षीताईंनी चष्मा काढून फोटोवर ठेवला.

"पट्ट्यावरची वेळ कोणासाठी लिहितात, तुम्हांला माहितेय ना? तुम्ही सिस्टर होतात."

अनुराधाने मान हलवली.

"पुढच्या डॉक्टरसाठी," मीनाक्षीताई म्हणाल्या. "म्हणजे कोणीतरी येणार अशी त्याची खात्री होती. स्वतःचा पाय फुटलेला, आणि येणाऱ्याची गैरसोय नको म्हणून लिहून ठेवलं." आता मात्र त्या रडल्या. तोंडावर पदर नाही, हात नाही, तशाच सरळ बसून. अनुराधा शेजारी बसून राहिली. समजूत घालायचं तिच्या मनातही आलं नाही.

पुष्कळ वेळाने बाईंनी नाक पुसलं.

"कबीरला हे माहितेय?"

"नाही. जय गेला होता म्हणून त्याला सोडला, असंच तो समजतोय. मी अजून सांगितलेलं नाही. पण सुनावणीत..."

"सुनावणीत नको. तिथे ऐकलं तर तो मुलगा जगायचा नाही." त्या उठल्या, फोन शोधायला लागल्या, आणि तो समोरच असताना दोनदा त्यावरून हात फिरला. "त्याला इथे बोलवा. उद्याच. मी सांगेन."

"ताई, तुम्ही कशाला?"

"मग कोण?" त्यांनी फोन अनुराधाच्या हातात दिला. "मी त्याच्यावर चिडलेय. चिडून बोलेनही कदाचित. पण पट्टा त्याने बरोबर बांधला होता. कांडीला तीन पीळ, योग्य जागी, योग्य ताण. म्हणून जयला तेवढा तास मिळाला. हे त्याला आधी सांगितलं पाहिजे, आणि मग बाकीचं."

अनुराधाने कबीरचा नंबर लावला. तिकडे रिंग वाजायला लागली, आणि मीनाक्षीताई कोपऱ्यातल्या बॅगेजवळ जाऊन खाली बसल्या आणि कुलूप काढू लागल्या.